हैतीची खंडणी फ्रान्सने परत करावी

एकोणिसाव्या शतकात हैतीकडून वसूल केलेले पैसे फ्रान्सने परत करावेत, आणि ते मदतीच्या खात्यातून न देता परतफेड म्हणून द्यावेत, एवढेच मला या लेखात म्हणायचे आहे. मागणी जुनी आहे. १७ एप्रिल २०२५ रोजी या वसुलीच्या फर्मानाला दोनशे वर्षे झाली. त्या दिवशी फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांची समिती जाहीर केली. एका नवजात राष्ट्राच्या स्वातंत्र्यावर किंमत लावली गेली, हे त्यांनी निवेदनात मान्यही केले. पैशांविषयी मात्र अवाक्षर काढले नाही. चूक झाली एवढे कबूल करायचे आणि घेतलेली रक्कम खिशातच ठेवायची, या पवित्र्याला माझा विरोध आहे.

कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाचा पश्चिमेकडचा तिसरा हिस्सा म्हणजे आजचा हैती. १६९७ सालच्या तहाने तो स्पेनकडून फ्रान्सकडे गेला आणि फ्रेंच त्याला सँ-दोमँग म्हणू लागले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या सुमारास युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे ४० टक्के आणि कॉफीपैकी सुमारे ६० टक्के माल एवढ्याशा भूभागातून जात होता. तो पिकवायला आफ्रिकेतून आणलेले आणि त्यांच्या पोटी जन्मलेले जवळपास ५ लाख गुलाम होते. गोरे होते तीस-चाळीस हजार. १६८५ च्या फ्रेंच गुलाम-कायद्याचे अडतिसावे कलम पळून जाणाऱ्या गुलामासाठी होते. महिनाभर बेपत्ता राहिला तर कान कापायचे आणि एका खांद्यावर राजचिन्हाचा डाग द्यायचा, दुसऱ्यांदा पळाला तर गुडघ्यामागची शीर कापून दुसऱ्या खांद्यावर डाग द्यायचा, तिसऱ्यांदा देहान्त. पुढे ज्या 'मालमत्ते'ची भरपाई मागितली गेली ती ही माणसे होती. हे सतत डोळ्यांसमोर ठेवूनच पुढचे आकडे वाचायला हवेत.

ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेकडच्या उसाच्या मळ्यांना आग लागली आणि बंड पसरत गेले. १७९३ मध्ये वसाहतीतल्या फ्रेंच आयुक्तांना गुलामांची मुक्तता जाहीर करावी लागली. फेब्रुवारी १७९४ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रसभेने सगळ्याच फ्रेंच वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली. म्हणजे फ्रान्सच्या स्वतःच्या कायद्याने ही माणसे तेव्हाच स्वतंत्र नागरिक झाली होती. नेपोलियनने १८०१ च्या अखेरीस हे चाक उलटे फिरवायला प्रचंड फौज पाठवली. तूसाँ लूव्हेर्तुर या बंडाच्या सर्वांत मोठ्या नेत्याला दगा देऊन पकडले आणि फ्रान्समधल्या जुरा डोंगरातल्या एका थंडगार किल्ल्यात डांबले. एप्रिल १८०३ मध्ये तो तिथेच मेला. फौज मात्र हरली. काही तापाने संपली, काही लढाईत. १ जानेवारी १८०४ रोजी बंडखोरांचा सेनापती देसालीन याने स्वातंत्र्य जाहीर केले आणि देशाला बेटाचे मूळ रहिवाशांनी दिलेले नाव परत दिले.

त्याच वर्षी देसालीनच्या हुकमाने बेटावर उरलेल्या गोऱ्या फ्रेंचांची कत्तल झाली. त्यात हजारो माणसे मारली गेली, बायकामुलेही सुटली नाहीत. हैतीची बाजू मांडणारे पुष्कळदा हे पान उलटून पुढे जातात. तसे करू नये. ती कत्तल भयंकर होती. पण पुढे फ्रान्सने मागितलेले पैसे त्या मृतांच्या नावाने मागितले नव्हते, मळ्यांच्या मालकीच्या नावाने मागितले होते, हेही तितकेच खरे आहे.

महाराष्ट्रात गुलामगिरीविरुद्धचा लढा म्हटला की लिंकन आणि अमेरिकेतले यादवी युद्ध आठवते. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये आपली 'गुलामगिरी' अर्पण केली तीही निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्या अर्पणपत्रिकेचे मोल कमी होत नाही. परंतु गुलामांनी स्वतःच्या हाताने बेड्या तोडून राज्य उभे केले ते या बेटावर, आणि तेही लिंकनच्या जाहीरनाम्याच्या साठ वर्षे आधी. त्या राज्याला अमेरिकेने १८६२ पर्यंत मान्यताच दिली नाही, कारण दक्षिणेतल्या गुलाममालकांना ते उदाहरण आपल्या मळ्यांपर्यंत पोचायला नको होते. आपल्या शाळांमधून हा इतिहास शिकवला जात नाही याचे मला वाईट वाटते.

आता मूळ व्यवहाराकडे येऊ. जुलै १८२५ मध्ये बॅरन माको हा फ्रेंच राजाचा दूत पोर्ट-ओ-प्रिन्सच्या बंदरात उतरला. त्याच्या पाठीशी १४ युद्धनौका आणि पाचशेहून अधिक तोफा होत्या. हातात दहाव्या चार्ल्स राजाचे तीन कलमांचे फर्मान होते. पहिल्या कलमाने बंदरे सर्व देशांच्या व्यापाराला खुली केली, पण फ्रेंच जहाजांना जकात निम्मी. दुसऱ्या कलमात रक्कम आली: १५ कोटी फ्रँक, पाच समान हप्ते, पहिला हप्ता ३१ डिसेंबर १८२५ रोजी, भरणा पॅरिसच्या 'केस दे देपो' या सरकारी ठेव संस्थेत, कारण जुन्या वसाहतवाल्यांना भरपाई. तिसऱ्या कलमात राजाने 'या अटींवर' बेटाच्या फ्रेंच भागातल्या सध्याच्या रहिवाशांना स्वातंत्र्य बहाल केले. एकवीस वर्षे जे राज्य चालत होते ते त्याला द्यायला त्याच्याकडे शिल्लक होते कुठे? तरीही ११ जुलैला हैतीचा अध्यक्ष ब्वाये याने सही केली. नकार दिला तर नाकेबंदी होणार हे उघड होते.

या रकमेचा अंदाज यावा म्हणून शेजारचाच एक सौदा पाहावा. १८०३ मध्ये फ्रान्सने लुइझियाना अमेरिकेला विकले. सुमारे २१ लाख चौरस किलोमीटर प्रदेश, किंमत ८ कोटी फ्रँक. तो सौदा करायची वेळ नेपोलियनवर आली त्याचे एक मोठे कारण हैतीतला पराभवच होता. आणि जेमतेम २८ हजार चौरस किलोमीटरच्या, दहा वर्षांहून अधिक काळ लढाईत होरपळलेल्या हैतीकडे मागितले १५ कोटी. अभ्यासकांच्या हिशेबाने एकट्या पहिल्या हप्त्याचे ३ कोटी हेच हैती सरकारच्या त्या वर्षीच्या उत्पन्नाच्या जवळपास सहापट होते.

हप्ता द्यायला पैसे नव्हते. म्हणून हैतीने कर्ज काढले, आणि तेही पॅरिसच्याच बँकवाल्यांकडून. ३ कोटींचे कर्ज कागदावर लिहिले गेले. सावकारांनी आपला २० टक्के हिस्सा आधीच कापून हातावर ठेवले २ कोटी ४० लाख. व्याज मात्र पुऱ्या ३ कोटींवर. ही रक्कम पॅरिसमधल्या एका कचेरीतून पॅरिसमधल्याच दुसऱ्या कचेरीत गेली. उरलेली भर घालायला हैतीने सरकारी तिजोरी खरवडली आणि नाणी जहाजावर चढवली. आता दोन देणी झाली, खंडणी वेगळी आणि ती भरायला काढलेले कर्ज वेगळे. दुसरा हप्ता भरताच आला नाही. अखेर १८३८ मध्ये फ्रान्सने बाकी ६ कोटींवर आणली आणि तीस वर्षांची मुदत दिली. म्हणजे एकूण ९ कोटी, आणि कर्जाचे व्याज वर. हे दुहेरी देणे फिटता फिटता १८८० चे दशक उजाडले.

भरले कोणी? सरकारचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः जकात, आणि जकातीत मोठा वाटा कॉफीचा. सही केल्यानंतर पुढच्याच वर्षी, १८२६ मध्ये, ब्वायेने एक ग्रामीण कायदा आणला. शेतात राबणाऱ्याने मळा सोडून परवानगीशिवाय शहरात जायचे नाही, भटकताना सापडला तर पकडून कामाला लावायचे. ज्यांच्या बापांनी मळे जाळले त्यांनाच पुन्हा मळ्याला जुंपायचा हा प्रयत्न होता, कारण निर्यातीवाचून फ्रँक मिळणार नव्हते. लोकांनी हा कायदा फारसा जुमानला नाही. ते डोंगरउतारांवर सरकले, आपापल्या तुकड्यांत खायचे पिकवू लागले आणि सोबत कॉफीची थोडी झाडे लावू लागले. पण मीठ, कापड, लोखंड विकत घ्यायला कॉफी विकावीच लागे आणि तिच्यावरचा कर चुकत नसे. व्यापारी तो कर शेतकऱ्याच्या भावातून वळता करी. ज्या माणसाला सरकारने शाळा दिली नाही, रस्ता दिला नाही, तो आपल्या आजोबांच्या मालकांच्या नातवंडांना पैसे पाठवत होता. फ्रान्समध्ये भरपाईचे दावे तपासताना मळ्यावर किती गुलाम होते हेही किमतीत धरले गेले. तेव्हा तो शेतकरी आपल्याच आजोबांची किंमत चुकती करत होता.

मराठी वाचकाला हा व्यवहार समजावून सांगावा लागू नये. १८५७ चा उठाव मोडायला इंग्रजांना आलेला खर्च त्यांनी हिंदुस्थानच्याच माथी मारला होता, आणि दादाभाई नौरोजींनी आयुष्यभर आकडे मांडून दाखवले ते असलेच हिशेब.

पुढची कथा थोडक्यात. १८७५ मध्ये पॅरिसहून आणखी एक मोठे कर्ज आले, त्यातला ४० टक्के भाग बँकवाल्यांनीच ठेवून घेतला. १८८० मध्ये हैतीची 'राष्ट्रीय' बँक निघाली, तिचे मालक आणि कारभारी पॅरिसमध्ये. १९११ पर्यंत अशी स्थिती आली की कॉफीच्या करातून मिळणाऱ्या दर ३ डॉलरपैकी २.५३ डॉलर फ्रेंच गुंतवणूकदारांच्या देण्यात जात. मग अमेरिका आली. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकन नौसैनिकांनी बँकेतले ५ लाख डॉलरचे सोने उचलून न्यूयॉर्कला नेले आणि १९१५ पासून १९३४ पर्यंत देशच ताब्यात ठेवला. अमेरिकेचा हिशेब वेगळा आहे आणि तोही व्हायला हवा, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

फ्रान्सकडून येणारे आक्षेप मी गांभीर्याने घेतो. त्यातला पहिला कायद्याचा आहे. २००३ मध्ये हैतीचे अध्यक्ष आरिस्तिद यांनी परतफेडीची उघड मागणी केली, तेव्हा फ्रेंच विचारवंत रेजिस दब्रे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या फ्रेंच समितीने ती फेटाळताना हाच धागा पकडला होता: आजची मापे दोनशे वर्षांपूर्वीच्या घटनेला लावता येत नाहीत. पण इथे आजची मापे लागतातच कशाला? त्या काळाचीच मापे घ्या. युद्धात हरलेला जिंकलेल्याला भरपाई देतो, हा त्या काळचा रिवाज होता. नेपोलियनच्या पराभवानंतर १८१५ मध्ये फ्रान्सने विजेत्यांना ७० कोटी फ्रँक कबूल केले. १८७१ मध्ये जर्मनीला ५ अब्ज मोजले. हैतीत हरला होता फ्रान्स. तरी पैसे भरले जिंकणाऱ्याने. शिवाय १७९४ मध्ये फ्रान्सच्याच राष्ट्रसभेने ज्यांना नागरिक म्हटले त्यांना १८२५ मध्ये मालमत्तेच्या यादीत धरणे हे कोणत्या कायद्यात बसते?

दुसरा आक्षेप असा की हैतीनेच आधी पैसे देऊ केले होते. यात तथ्य आहे. देशाचे दोन तुकडे झालेले असताना दक्षिणेचा अध्यक्ष पेतियों याने १८१४ मध्ये वाटाघाटीत भरपाईची तयारी दाखवली होती. मान्यता मिळाली तर हल्ल्याची टांगती तलवार जाईल, असा त्याचा विचार होता. पण त्याच वेळी उत्तरेचा राजा क्रिस्तॉफ याच्या हाती एक फ्रेंच दूत सापडला. त्याच्याजवळच्या गुप्त सूचनांमध्ये गुलामगिरी परत आणण्याचा बेत होता. क्रिस्तॉफने ते कागद छापून जगापुढे ठेवले. म्हणजे पेतियोंची तयारी कोणत्या भीतीपोटी होती हे फ्रान्सच्याच कागदांतून दिसते. पुन्हा गुलाम होण्याच्या भीतीने देऊ केलेल्या पैशाला राजीखुशीचा सौदा म्हणता येणार नाही.

तिसरा प्रश्न सामान्य फ्रेंच माणूस विचारतो, आणि तो रास्त आहे. माझ्या खापरपणजोबांच्या काळातल्या राजाचे देणे मी का फेडू? याचे उत्तर फ्रान्सने स्वतःच्या वागणुकीतून दिलेले आहे. झारच्या काळात लाखो फ्रेंच लोकांनी रशियाचे रोखे घेतले होते. क्रांतीनंतर बोल्शेविकांनी ते नाकारले. फ्रान्सने तो दावा सोडला नाही, आणि जवळपास ऐंशी वर्षांनी, १९९७ च्या कराराने, रशियाकडून ४० कोटी डॉलर मिळवले. झार संपला होता, सोव्हिएत संघही संपला होता, पण देणे रशियन राज्याचे आहे, असे फ्रान्स तेव्हा म्हणत होता. हैतीच्या बाबतीत तर घेणारे राज्य तेच आहे आणि पैसे जमा करून घेणारी 'केस दे देपो' ही संस्थाही आजपर्यंत चालू आहे. घेताना राज्य अखंड आणि देताना मात्र जुन्या राजाशी संबंध नाही, हे पटणारे नाही.

सर्वांत अवघड आक्षेप चौथा. पैसे द्यायचे कोणाला? जुलै २०२१ मध्ये हैतीचे अध्यक्ष मोईज यांची हत्या झाली, तेव्हापासून देशाला निवडून आलेला अध्यक्ष नाही. राजधानीचा बहुतेक भाग सशस्त्र टोळ्यांच्या हाती गेला. त्याआधी दुव्हालिए या हुकूमशहा बापलेकांनी १९५७ ते १९८६ देश लुटला. हैतीच्या दुर्दशेचे सगळे खापर १८२५ च्या फर्मानावर फोडणे मला मान्य नाही. तिथल्या धनिकांनी, सेनापतींनी, हुकूमशहांनी आपापला वाटा उचलला आहे. पण घेणेकऱ्याच्या घरात भांडणे आहेत म्हणून देणेकऱ्याचे देणे माफ होत नाही. रक्कम हैतीच्या नावाने स्वतंत्र निधीत ठेवता येते, तिचे हिशेब दरवर्षी जाहीर करता येतात, शाळा आणि पिण्याचे पाणी अशा ठरावीक कामांना ती बांधता येते, आणि निवडून आलेली संसद बसली की कारभार तिच्याकडे सोपवता येतो. त्या निधीवर फ्रान्सचा नकाराधिकार मात्र नसावा. नाहीतर १८८० च्या त्या बँकेची नवी आवृत्ती निघेल.

किती द्यायचे, यावर मतभेद आहेत. न्यूयॉर्क टाइम्सने २०२२ मध्ये जुनी दप्तरे चाळून मांडले की खंडणी आणि तिच्यासाठी काढलेले पहिले कर्ज मिळून हैतीने सुमारे ११ कोटी २० लाख फ्रँक प्रत्यक्ष भरले. आजच्या मोलाने ते सुमारे ५६ कोटी डॉलर होतात. ते पैसे देशातच राहिले असते तर अर्थव्यवस्थेत २१ ते ११५ अब्ज डॉलरची भर पडली असती, असाही त्यांचा अंदाज आहे. आरिस्तिद यांनी २००३ मध्ये २१ अब्ज ६८ कोटींहून अधिक डॉलरची मागणी केली होती, तीही शेवटच्या सेंटपर्यंत मोजून. माझ्या मते ती चाल चुकली. अंदाजावर उभी रक्कम सेंटमध्ये सांगितली की समोरच्याला मूळ मुद्दा सोडून आकड्याची टर उडवता येते, आणि तसेच झाले. पुढच्याच वर्षी आरिस्तिद यांना देश सोडावा लागला आणि त्यांच्यानंतर आलेल्या हंगामी सरकारने मागणीच मागे घेतली. म्हणून सुरुवात भरणा झालेल्या रकमेपासून व्हावी. आजच्या मोलाने तेवढी रक्कम तातडीने परत करावी, आणि दोनशे वर्षांच्या व्याजाविषयी मॅक्रॉन यांच्या समितीसमोर, दोन्ही बाजूंचे कागद मांडून, बोलणी व्हावीत. ५६ कोटी डॉलर फार कमी आहेत असे हैतीचे अनेक मित्र म्हणतील. मलाही ते कमीच वाटतात. पण या आकड्यामागे भरणा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि नोंदींना उत्तर देणे टाळता येत नाही.

मे २०१५ मध्ये फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष ओलांद यांनी ग्वादलूप या कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटावर हैतीचे ऋण फेडू असे जाहीरपणे म्हटले. टाळ्या पडल्या. काही तासांतच त्यांच्या कार्यालयाने खुलासा केला की ऋण नैतिक आहे, पैशांचे नाही. त्याआधी, २०१० च्या भूकंपानंतर, अध्यक्ष सार्कोझी हैतीला गेले. स्वतंत्र हैतीत पाऊल ठेवणारे ते पहिले फ्रेंच अध्यक्ष. त्यांनी मदत जाहीर केली आणि तिच्यात हैतीकडून येणे असलेले ५ कोटी ६० लाख युरोचे कर्ज माफ केल्याचेही मोजले. हैती फ्रान्सचे देणे लागतो, हे गृहीत त्या दिवशीही तसेच उभे होते. हेच उलटायला हवे. फ्रान्सने २००१ मध्ये कायदा करून गुलामगिरी हा मानवतेविरुद्धचा गुन्हा असल्याचे मान्य केले, ही त्या देशाच्या बाजूने जमेची गोष्ट आहे. मग त्या गुन्ह्याच्या भरपाईपोटी गुन्हा करणाऱ्यांच्या वारसांना मिळालेला पैसा कायदेशीर कसा ठरतो, याचे उत्तर त्याच संसदेने द्यायचे आहे.

मॅक्रॉन यांनी जाहीर केलेल्या समितीला माझा विरोध नाही. फक्त तिच्याकडून तीन कामे व्हावीत. 'केस दे देपो'मधील हैतीच्या खात्याची सगळी दप्तरे तिने जशीच्या तशी जाहीर करावीत. प्रत्यक्ष भरलेल्या रकमेचा एक आकडा, दोन्ही देशांच्या इतिहासकारांच्या सहीने, द्यावा. आणि तो आकडा फ्रान्सच्या वार्षिक अर्थविधेयकात परतफेड या सदराखाली घ्यावा, अशी शिफारस करावी. दरवर्षी ४०० अब्ज युरोंहून अधिक खर्च करणाऱ्या सरकारला ती रक्कम जड नाही. आणि विकास मदतीच्या तक्त्यात ती कुठेही मिळवली जाऊ नये.